दुसऱ्याच्या नावाचा बेल

साहेबांनी बेल उचलला नाही. आमच्या अण्णानं उचलला. सगळं तिथंच चुकलं. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण गावात आता जो तो वेगळं सांगत फिरतो.

आमच्या लिंगायत गल्लीत बेचाळीस घरं. ताडकळसच्या बाजारापासून गाव फार लांब नाही, मोटारसायकलीवर पंधरा मिनिटं. आमच्यात मेलेलं माणूस जाळत नाहीत, बसवतात. मांडी घातलेली, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवलेलं, तसंच जमिनीत बसवायचं आणि वरून भस्म, बेल, मीठ, माती. म्हणून आम्हाला जागा लागते. जळणाऱ्याचं दोन-तीन तासांत भागतं, बसणाऱ्याला कायमची लागते.

ती जागा आम्हाला होती. ओढ्याच्या अलीकडं दीड एकर. तीन वर्षांमागं नवा मोठा रस्ता आला आणि ती रस्त्यात गेली. कागदावर ती कुणाचीच नव्हती, नुसती पड. मशीन लागलं त्या दिवशी आमची अक्का, म्हणजे माझी आत्या नागुबाई, मशीनच्या पुढं जाऊन बसली. तिचा नवरा तिथं बसवलेला होता, बावीस वर्षांपासून. दोन पोलीसबायांनी तिला बगलेत धरून उचललं आणि बाजूला नेऊन ठेवलं, भरलेलं पोतं ठेवावं तसं. आता तिच्या नवऱ्याच्या डोक्यावरून ट्रक जातात. अक्का कधी रडली नाही. पण एसटीनं ताडकळसला जाताना ओढा आला की चप्पल काढून मांडीवर घ्यायची. कंडक्टर हसायचा. हसू दे.

गल्लीनं अर्ज केला की गायरानातली एक एकर द्या. ताडकळसच्या स्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, म्हणून अर्ज मीच लिहिला. एकदा नाही, नऊ वेळा. तेवढ्या काळात गल्लीत तिघं गेले. एकाला त्याच्याच वावरात बसवलं. पुढच्या वर्षी पोरांनी ते वावर विकलं आणि घेणाऱ्यानं नांगर घातला. त्याची तरी काय चूक, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

हे ऐकल्यापासून अक्का एकच बोलायची, "मला वावरात बसवू नका रे. वावर इकतंय मानूस. धन्याच्या अंगावरून ट्रक जायलेत, माझ्या अंगावरून नांगर नको. चार मानसांत बसवा."

एवढंच मागणं होतं बाईचं. साडी नाही, घरकुल नाही. मेल्यावर बसायला जागा.

मार्चमध्ये साहेब गल्लीत आले. साहेब म्हणजे दोनदा मंत्री राहिलेला माणूस. घर आणि बापजाद्यांचा मतदारसंघ दोन जिल्हे ओलांडून पलीकडं. त्या खेपेला तिकडं त्याला पडायची धास्ती होती, म्हणून त्यानं आमच्या लोकसभेलाही अर्ज भरला. दोन्हीकडं उभा. कायद्याला चालतं. एका माणसाला दोन जागी उभं राहता येतं, तिसऱ्या जागी मात्र नाही. केवढा कडक कायदा!

महादेवाच्या देवळात बैठक झाली. माझा बाप गुरुपाद, त्याला मी अण्णा म्हणतो, वीस वर्षं त्याच पक्षाचा गावातला माणूस. सतरंज्या त्यानं टाकल्या, चहा त्यानं सांगितला, माइकही त्यानंच आणला. साहेब बोलले ते चांगलं बोलले. निवडून आलो की पंधरा दिवसांत गायरानाच्या फायलीवर सही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अक्का खांबाला टेकून बसली होती. ती बसूनच बोलली.

"बाबा, एक इचारू का?"

"विचारा ना आजी."

"दोन्हीकडं निवडून आलास तर कोन्तं ठिवशील?"

साहेब हसले. "आजी, आधी निवडून तर द्या!"

"देतो की. पर मंग कोन्तं सोडशील?"

साहेबांचा आमच्या तालुक्यातला उजवा हात म्हणजे बजरंग. तो पुढं झाला. "अक्का, मोठ्या मानसाला असं इचारतेत व्हय?"

"तू गप रे बजरंग. माझं नाव दोन यादीत निघालं तर ह्या बबितानं घरी येऊन दम देला मला. एक काटा, न्हाई तर जेल हाय म्हनली. मला दोन जागी नाव ठिवता येत न्हाई आन ह्याला दोन जागी उभं ऱ्हाता येतंय?"

देवळात हशा पिकला. अंगणवाडीची बबिता कोपऱ्यात होती, ती लाजून खाली बघायला लागली. ती मतदार याद्यांचं काम करते. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अक्का आठ महिने मानवतला लेकीकडं, धनश्रीकडं राहिली होती. तिथं कुणीतरी तिचं नाव घातलं आणि इथलंही राहिलं. बबितानं तिला समजावलं ते खरंच होतं, दोन ठिकाणी नाव ठेवणं गुन्हा आहे. मतदाराला गुन्हा. हसण्यावारी गेलं ते, पण मला विचाराल तर त्या देवळात त्या दिवशी कायद्याचं तेवढं एकच वाक्य खरं बोललं गेलं आणि ते सही न येणाऱ्या बाईनं बोललं.

साहेब म्हणाले, "शब्द देतो आजी. हा मतदारसंघ सोडणार नाही."

"शब्द नको. बेल उचल."

हसणं बंद झालं.

आमच्यात पिंडीवरचा बेल हातात घेऊन माणूस जे बोलतो ते मोडता येत नाही. बांधाचं भांडण असो, सोयरीक असो, बेल उचलला की संपलं. निवडणुकीतही तेच. कुणाला मत द्यायचं ते ठरलं की घरटी एक माणूस बेल उचलतो आणि मग कुणी पैसे वाटो की मटण घालो, गल्ली फुटत नाही. सगळ्या पक्षांना हे माहीत आहे. साहेब त्यासाठीच तर आले होते.

पुजाऱ्यानं ताटलीत बेल आणून साहेबांपुढं धरला. साहेबांनी हात पुढं केला नाही. ते अण्णाकडं वळले, अण्णाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आचारसंहिता आहे हो. देवाची शपथ घेतली की विरोधक लगेच तक्रार करतात. गुरुपादअप्पा, माझ्या वतीनं तुम्ही उचला. तुमच्यात आणि माझ्यात काय फरक आहे?"

वीस वर्षांत साहेबांनी अण्णाच्या खांद्यावर हात ठेवला नव्हता. अण्णाचं नावसुद्धा त्यांना बजरंगनं कानात सांगावं लागायचं. माझा बाप तिथं विरघळला. त्याला माझ्याइतका ओळखणारा दुसरा कुणी नाही. तो भोळा नाही, पण मान मिळाला की त्याला पुढचं दिसत नाही.

त्यानं बेल उचलला. नुसता उचलला असता तर एवढं झालं नसतं. लोकांना पटावं म्हणून तो मोठ्यानं बोलला, "साहेबांच्या नावानं उचलतो. साहेबांनी ही जागा सोडली तर अक्काच्या मातीला मी हात लावनार न्हाई."

अक्काला मुलगा नाही. ती गेल्यावर तिला जमिनीत बसवणं, पहिली मूठ माती टाकणं हे तिच्या भावाचं काम. ते त्यानं पणाला लावलं, एका परक्या माणसाच्या राजीनाम्यावर.

अक्का खांबापासून म्हणाली, "अरे गुरपाद्या, माती माझी हाय. मला इचारलंस का?"

पण तोवर माइकवर जयघोष सुरू झाला होता.

मग बेचाळीस घरांनी बेल उचलला आणि एप्रिलमध्ये सगळ्यांनी मत दिलं. अक्काला मी मोटारसायकलवर नेलं. बाहेर आली तेव्हा तिनं शाईचं बोट वर धरून अण्णाला दाखवलं. "झालं का तुपल्या साहेबाचं? आता माझं बग."

साहेब दोन्हीकडं निवडून आले. आमच्याकडं जास्त मतांनी, हे मुद्दाम सांगतो. गल्लीत गुलाल उधळला आणि अण्णानं पेढे वाटले.

दोन्हीकडं निवडून आलं की चौदा दिवसांत एक जागा सोडावी लागते, नाही तर दोन्ही जातात. हे मी दुकानात बसून मोबाइलवर वाचलं होतं. अण्णाला सांगितलं तर म्हणाला, "तिकडली सोडतेत. बेल उचललाय."

"बेल तुमी उचललाय अण्णा, त्येनी न्हाई."

"एकच झालं."

तेराव्या दिवशी बातमी आली. साहेबांनी आमची जागा सोडली. कारण असं सांगितलं की घरच्या मातीचं ऋण. ती बातमी अण्णानं माझ्याच दुकानात ऐकली. एका गिऱ्हाइकाच्या सातबाऱ्याची झेरॉक्स निघत होती. ती निघेपर्यंत अण्णा मशीनकडं बघत उभा राहिला, मग म्हणाला, "चुकीचं आसंल." त्यानं बजरंगला फोन लावला. बजरंग म्हणाला, "अप्पा, वरचा निर्णय हाय. कायद्यानंच एक सोडावी लागती, साहेब काय करतील?"

ऐकलंत? जणू कायद्यानं त्यांना दुसरा अर्ज भरायला मारून मुटकून बसवलं होतं. आमच्या जिल्ह्यातल्या लाखो माणसांनी उन्हात रांगा लावल्या आणि एका माणसानं पडायची भीती वाटली म्हणून आम्हाला खुंटीला टांगून ठेवलं. हे बोललं की लोक म्हणतात, जाऊ दे विरेश, सगळेच करतात. सगळे करतात म्हणूनच बोलतो.

अण्णा त्या दिवशी घरी न येता आधी अक्काकडं गेला. तिचं एका खोलीचं घर आमच्या मागंच आहे. मी दारात होतो. अक्का तांदूळ निवडत होती.

"सोडली," अण्णा म्हणाला.

"कळलं." तिनं सूप बाजूला केलं. "बस. जेवलास का?"

अण्णा बसला नाही.

फाइल मात्र जागची हलली होती, कारण निकालाच्या दिवशी साहेबांनी एक पत्र धाडलं होतं. जूनमध्ये तहसिलातला कारकून म्हणाला, ते आता आपल्याकडचे खासदार नाहीत, हे पत्र चालणार नाही. मी म्हटलं, मग ज्यांचं चालेल त्यांचं आणतो, कोण आहे आपला खासदार? तो म्हणाला, सध्या कुणी नाही. तरी मी आठवड्याला जात राहिलो. पावसात मोजणी झाली. गुडघाभर चिखलात अण्णानं स्वतः साखळी धरली. सप्टेंबरात अहवाल गेला आणि ऑक्टोबरात कारकून पहिल्यांदा हसून बोलला, "सोमवारी सहीला ठेवतो."

रिकाम्या जागेवर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. ती शुक्रवारी जाहीर झाली.

सोमवारी मी गेलो तर टेबलावर फायलींची चळत कापडात बांधलेली. "आचारसंहिता," कारकून म्हणाला. "जी सही झाली ती झाली, नवी मंजुरी काही देता येत नाही."

"भाऊसाहेब, स्मशानाची जागा हाय. ह्यात कोन्तं मत मिळतंय कुनाला?"

"मला पटतंय हो. पण लेखी कोण देणार?"

एका वर्षात दुसऱ्यांदा. पहिली आचारसंहिता सगळ्या देशाला होती. दुसरी फक्त आम्हाला, आम्ही त्या माणसाला निवडून दिलं म्हणून. पाडला असता तर सही झाली असती. हे गणित कुणी मला खोटं करून दाखवावं.

अक्काला तोवर दम लागायला लागला होता. पावसाळ्यापासूनच छातीत घरघर होती. नांदेडला दाखवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय, वय बघा, घरी ठेवा. मी तिला सहीचं सांगितलं नव्हतं. पण तिनंच विचारलं, "सोमवार झाला का रे इरेश?"

सांगावं लागलं.

"किती तारखेपस्तोर हाय ती सौंहिता?"

"पंचवीस नोव्हेंबर."

तिनं बोटांवर मोजलं. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख तिनं एप्रिलपासून कापलं नव्हतं. शाईचा काळा डाग मुळापासून सरकत सरकत टोकाच्या जवळ आला होता. ते बोट ती बघत राहिली.

"थांबते की," ती म्हणाली. "म्हैनाभराचं काय यवढं."

आणि ती खरंच थांबायला लागली. कधी नव्हे ते औषध वेळेवर घ्यायची. मानवतहून धनश्री आली, तिच्या हातची पेज न कुरकुरता प्यायची. सकाळी लिंगपूजा झाली की मला हाक मारायची, "किती ऱ्हायले?" मी सांगायचो, एकोणतीस. अठ्ठावीस. धनश्री एकदा रडली तर तिला म्हणाली, "गप. मला काम हाय."

अण्णा मात्र तिच्या खोलीत जायचा बंद झाला. दारापर्यंत यायचा, विचारपूस करायचा आणि उंबऱ्यातून मागं फिरायचा. तो रोज देवळातून बेलाचं एक पान आणून खिशात ठेवायचा. मी विचारलं तेव्हा म्हणाला, ज्याच्या नावानं बेल उचलला त्याच्या हातात तो परत द्यायचा, आणि त्यानं आपल्या हातानं पिंडीवर वाहायचा, म्हणजे शब्द सुटतो. आमच्यात तशी रीत आहे खरी.

"साहेब प्रचाराला येनार हायत. देतो त्येंच्या हातात. म्हनतो, येवढं पिंडीवर ठिवा आन मला मोकळं करा. पाच मिन्टाचं काम."

पोटनिवडणुकीला साहेबांनी पुतण्याला उभं केलं होतं. दहा नोव्हेंबरला त्यांची गाडी आमच्या गावात आली. देवळासमोर स्टेज नव्हतं, गाडीच्या टपावरूनच भाषण होतं. भाषणात साहेब म्हणाले, मी तुम्हाला सोडून गेलो नाही, माझं रक्त तुमच्याकडं पाठवलं. लोकांनी थोड्या टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या.

अण्णा धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला भस्म लावून गर्दीतून पुढं गेला. साहेब खाली उतरले होते. अण्णानं बेल दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून पुढं केला. मी चार पावलांवर होतो, सगळं ऐकलं.

"साहेब, हे परत घ्या. मी तुमच्या नावानं उचललावता. देवळात चलून पिंडीवर टाका. माझी बहीन बिमार हाय..."

"वा वा!" साहेबांनी पान उचललं, कपाळाला लावलं आणि बजरंगला म्हणाले, "हे बघ, बेल! व्हिडिओ काढ." मग अण्णाच्या खांद्यावर हात. दुसऱ्यांदा. पान त्यांनी पुतण्याच्या कुर्त्याच्या खिशात खोचलं आणि गाडी निघाली. देऊळ वीस पावलांवर होतं. वीस पावलं चालला नाही तो माणूस.

अण्णा गाडीच्या मागं पळाला. सदुसष्टाव्या वर्षी. "साहेब, पिंडीवर! पिंडीवर टाकायचं हाय!" धुरळ्यात त्याचं धोतर सुटायला आलं, तेव्हा मी त्याला धरला.

दिवस मावळायच्या आत व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर. खाली लिहिलेलं: लिंगायत समाजानं पुन्हा उचलला बेल, गुरुपादअप्पांचा जाहीर पाठिंबा.

दुसऱ्या दिवशी गल्लीत अण्णाला पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. पाराशी बसलेली धुरपताबाई त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "एकदा इकलं ते पुरलं न्हाई जनू." पुजाऱ्यानं देवळात तोंड फिरवलं. मी एकेका घरी जाऊन सांगितलं की तो बेल द्यायला गेला होता, पाठिंबा द्यायला नाही. लोक हो हो म्हणाले. व्हिडिओत अण्णा साहेबांपुढं ओंजळ धरून उभा दिसत होता, आणि माणसं डोळ्यांवर विश्वास ठेवतात.

अक्कानं ते ऐकलं तेव्हा तिनं अण्णाला आत बोलावून घेतलं. तो उंबऱ्यात थांबला.

"आत ये. मी काय वाघ हाय का?"

तो आत गेला. ती उशीला टेकून बसली होती, आडवं पडलं की श्वास कोंडायचा.

"गुरपाद्या, मी सांगायले. तुझा बेल मी माफ केला. मातीला हात लाव."

"तुझ्या नावानं न्हाई उचलला अक्का."

"मेलेली मी, माती माझी, आन माफी त्या भाड्यानं द्यायची?"

अण्णा मागं फिरून उंबऱ्यापाशी गेला.

"लहानपनापास्नं असाच हाय," ती मला म्हणाली. "दोन्हीकून मरतंय हे." मग जरा थांबून, "किती ऱ्हायले रे?"

"चौदा, अक्का."

चौदाचे नऊ झाले. सोळा नोव्हेंबरला सकाळी धनश्री तिला पूजेसाठी बसवत होती. तळहातावर लिंग ठेवलं, भस्माची बोटं ओढली आणि अक्काची मान पुढं आली. धनश्रीला आधी वाटलं नमस्कार करतेय.

बसलेलीच गेली. आमच्यात याला भाग्य म्हणतात. मी म्हणत नाही.

मग प्रश्न उभा राहिला की न्यायचं कुठं. तरणी पोरं म्हणाली, चला गायरानात, मोजणी झालीय, खुणेचे दगडही आहेत, बघू कोण अडवतो. मीही कुदळ घेतली. पोलीस पाटील भागवत धावत आला. भागवत काही वाईट माणूस नाही, अक्कानं त्याला लहानपणी मांडीवर खेळवलेला. तो हात जोडून म्हणाला, "विरेश, चार दिवसांवर मतदान हाय. फिरतं पथक दिवसातून दोनदा यायलंय. तिथं खड्डा घेतला तर गुन्हा, आन आर्धवट पुरलेलं मढं उकरायला लावलं तर? तिची इटंबना नको रे. नऊ दिवस ऱ्हायलेत."

"नऊ दिवस मढं ठिवू का?" धनश्री किंचाळली.

भागवतनं पुन्हा हात जोडले. मला त्याला मारावंसं वाटलं. पण मारायचं कुणाला हे मला माहीत होतं, आणि तो तिथं नव्हता.

अण्णा ओसरीत उभा होता. म्हणाला, "आपल्या वावरात घ्या. तीस गुंठ्याच्या तुकड्यात."

धनश्री त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मामा, वावरात नको म्हनलीवती ती. तुमाला ठाव हाय."

"ठाव हाय."

"मंग?"

"मंग कुटं नेऊ, बाई?"

अक्काला दुपारी वाजत-गाजत नव्हे, तशीच नेली. खुर्चीला बांबू बांधून, बसवलेली, तोंडावर सावलीसाठी धनश्रीच्या लुगड्याचा पदर. गल्ली सगळी आली, व्हिडिओ पाहून रागावलेलीसुद्धा. नव्या रस्त्यावरून जाताना, ओढ्यापाशी, धनश्रीनं चप्पल काढून हातात घेतली. मग बाकीच्या बायांनीही. एक ट्रकवाला हॉर्न वाजवत राहिला.

वावरात ज्वारी वीतभर वर आली होती. मधोमध खड्डा घेतला, त्याच्या भिंतीत बसायला कोनाडा. अण्णा बांधापर्यंत आला आणि तिथं थांबला. हात मागं बांधलेले. मठाचे स्वामी त्याला म्हणाले, "गुरुपाद, ये. दोष माझ्यावर. मी मोकळं करतो तुला."

"तुमच्या नावानं उचलला न्हाई, महाराज," अण्णा म्हणाला.

तेच एक वाक्य. सगळ्यांना तेच.

आत मी उतरलो. अक्का हलकी होती, नऊ अर्जांच्या फायलीएवढी. तिला कोनाड्यात टेकवलं. डाव्या तळहातावर लिंग ठेवताना बोटं सरळ करावी लागली, तेव्हा ते नख दिसलं. डाग टोकाला येऊन पोचला होता, नुसती काळी कोर. अजून आठ-दहा दिवसांत नखाबरोबर तोही गेला असता.

बोटं मिटवली. बेल घातला, भस्म, मीठ. वर आलो. पहिली मूठ मी टाकली. टाकायच्या आधी बांधाकडं बघितलं. अण्णाचे हात मागं एकमेकांत घट्ट धरलेले होते. मी मूठ धरून उभा राहिलो, वाटलं येईल. स्वामीही थांबले. धनश्री म्हणाली, "टाक रे दादा, किती वाट बघायची."

टाकली.

वीस तारखेला मतदान झालं. गल्लीतल्या निम्म्यांनी केलं, निम्म्यांनी नाही. अण्णा गेला नाही, मीही नाही. पुतण्या निवडून आला. सत्तावीस तारखेला कारकुनाचा फोन आला, "या, सही झाली." गायरानातली एक एकर, लिंगायत समाजाची रुद्रभूमी. मी कागदाची एक झेरॉक्स काढली आणि अक्काच्या खोलीत तिच्या उशीखाली ठेवून आलो. तिला तिथून उचलून इकडं न्यावं असं धनश्री म्हणाली. स्वामी म्हणाले, बसलेल्या माणसाला उठवत नाहीत.

साहेब दिल्लीत आहेत. त्यांनी काही गुन्हा केला नाही. कायद्यानं दिलेलं त्यांनी घेतलं आणि कायद्यानं सांगितलेलं सोडलं. पुढच्या वेळी पुन्हा दोन जागी उभे राहतील.

यंदा अण्णानं तो तुकडा पेरला नाही. नांगर, बैल, ट्रॅक्टर, कुणालाच आत येऊ दिलं नाही. तीस गुंठ्यांत कमरेएवढं गवत माजलंय आणि मधोमध अक्का एकटी. अवकाळी पाऊस झाला की ढिगारा खचतो. मग अण्णा मला दुकानातून बोलावून घेतो. तो बांधावर उभा राहतो, मी खोऱ्यानं माती ओढतो.

"उगवतीकून खचलंय बग," तो काठीनं दाखवतो. "तिकून टाक. हां. आजून थोडी. हलक्या हातानं टाक, इरेश."

मी टाकतो. तो बांधाच्या आत पाय ठेवत नाही.